ठळक अक्षराचा अधिकार : 'क्लॅरेंडन'च्या निमित्ताने

१

साहित्यकृतीची संहिता वाचकापुढे येते ती नेहमी कोणत्या ना कोणत्या अक्षरवळणात. ही गोष्ट इतकी उघड आहे की समीक्षेने तिची दखल घेण्याचे बहुधा टाळले आहे. रूपवाद्यांनी नादाचा, लयीचा आणि वाक्यरचनेचा विचार केला. संरचनावाद्यांनी चिन्हक आणि चिन्हित यांच्या संबंधाची मीमांसा केली. परंतु छापील चिन्हकाला स्वतःचा दृश्य देह असतो, त्याला जाडी, उंची आणि वजन असते, हा विषय मुद्रक आणि जुळारी यांच्याकडे सोपवून देण्यात आला. डी. एफ. मॅकेंझी यांनी १९८५ मध्ये दिलेल्या व्याख्यानांतून ग्रंथाच्या भौतिक रूपाचा अर्थाशी असलेला संबंध ठामपणे मांडला. झेरार झनेत यांनी १९८७ मध्ये संहितेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या घटकांचा विचार केला. आणि जेरोम मॅक्गॅन यांनी १९९१ मध्ये भाषिक संकेतव्यवस्थेच्या जोडीने ग्रंथीय संकेतव्यवस्थाही मानली पाहिजे असे प्रतिपादन केले. या मांडणीचा स्वीकार तत्त्वतः झाला असला, तरी एखादा विशिष्ट टंक अर्थनिर्मितीत नेमके काय करतो हा प्रश्न फारसा पुढे सरकलेला नाही.

या प्रश्नाला दोन परस्परविरोधी उत्तरे प्रचलित आहेत. पहिले उत्तर बिआट्रिस वॉर्ड यांचे. १९३० च्या दशकाच्या आरंभी मांडलेल्या आणि १९५५ च्या त्यांच्या निबंधसंग्रहाला शीर्षक देणाऱ्या स्फटिकपात्राच्या रूपकात त्यांनी मुद्रणाला मद्याच्या पेल्याची उपमा दिली. पेला सोन्याचा असला तर नजर पेल्यावर खिळते. तो निर्मळ काचेचा असला तर मद्याचा रंग दिसतो. चांगला टंक म्हणजे न जाणवणारा टंक. दुसरे उत्तर जाहिरातव्यवसायाचे आहे. त्याच्या मते प्रत्येक टंकाला स्वभाव असतो : एखादा नाजूक, एखादा खानदानी, एखादा दणकट आणि भरवशाचा. पहिल्या मतानुसार अक्षरात अर्थ नसावा, दुसऱ्यानुसार तो अक्षरात भरलेलाच असतो. वरवर विरुद्ध दिसणाऱ्या या दोन्ही मतांचे गृहीतक एकच आहे. दोन्ही मते अक्षराकडे सुटे, एकाकी भांडे म्हणून पाहतात. ते रिकामे की भरलेले, एवढाच काय तो वाद.

हे गृहीतक तपासण्यासाठी 'दणकट' हे विशेषण ज्याच्या नावापुढे हमखास लागते असा टंक घेणे सोयीचे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये घडलेला 'क्लॅरेंडन' आणि त्याचे स्लॅब सेरिफ कुल हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

२

रोमन अक्षराच्या दंडाच्या टोकाला जी छोटी आडवी रेघ असते तिला सेरिफ म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस दिदो आणि बोदोनी यांच्या टंकांत ही रेघ केसाइतकी बारीक झाली होती. उभे दंड जाड आणि आडव्या रेषा अतिसूक्ष्म, असा तीव्र विरोध हे त्या टंकांचे सौंदर्य होते. स्लॅब सेरिफमध्ये हे नाते मोडले. टोकाची रेघ जवळजवळ दंडाइतकीच जाड झाली. अक्षराखाली दगडी फरशी बसवावी तशी ती दिसते, आणि 'स्लॅब' हा शब्दही फरशीचाच वाचक आहे.

हे वळण सुलेखनातून आलेले नाही. कोणत्याही लेखणीच्या टोकातून सहजगत्या असे अक्षर उतरत नाही. ते बाजारातून आले. लंडनचे व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८१५-१७ च्या सुमारास आपल्या नमुनापुस्तकात 'अँटिक' या नावाने अशी अक्षरे दाखवली, तेव्हा इंग्लंडमधील भिंती लॉटरीच्या, नाटकांच्या आणि लिलावांच्या पत्रकांनी भरू लागल्या होत्या. पुस्तकातले अक्षर हातभर अंतरावरून आणि बसून वाचले जाते. भिंतीवरचे अक्षर रस्त्यापलीकडून आणि चालता चालता वाचले जावे लागते. एका पत्रकाच्या शेजारी दुसरे, दुसऱ्यावर तिसरे, अशा गर्दीत बारीक रेषा दुरून दिसेनाशा होत. म्हणून त्या जाड झाल्या. ठसठशीतपणा हा येथे अक्षराचा स्वभाव नसून शेजारच्या पत्रकाशी लागलेल्या चढाओढीचा परिणाम आहे.

या अक्षरांना मिळालेले नावही उद्‌बोधक आहे. नेपोलियनच्या १७९८ च्या इजिप्त-स्वारीनंतर आणि १८०९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या फ्रेंच वर्णनग्रंथांनंतर युरोपात इजिप्तचे वेड पसरले होते. लंडनमधील कॅस्लन यांच्या फाउंड्रीने १८१६ च्या सुमारास 'इजिप्शियन' हे नाव दिले ते सेरिफच नसलेल्या अक्षरांना. पुढे १८२१ मध्ये फॅन स्ट्रीट फाउंड्रीचे विल्यम थॉरोगुड यांनी तेच नाव जाड पट्टीच्या अक्षरांना वापरले आणि तेथे ते चिकटले. एकच नाव आधी पट्टी नसलेल्या आणि नंतर पट्टीच पट्टी असलेल्या अक्षरांना लागू पडते, यावरूनच त्याचा अक्षररूपाशी किंवा इजिप्तच्या लिपीशी काही संबंध नव्हता हे स्पष्ट होते. परंतु नाव चिकटल्यावर त्याचे समर्थन शोधले गेले : पिरॅमिडचा भक्कमपणा, मंदिरांचे रुंद पाये. विसाव्या शतकात याच कुलातील टंकांना 'मेम्फिस', 'कर्नाक', 'कैरो' अशी नावे पडली. एडवर्ड सैद यांनी १९७८ मध्ये पौर्वात्यवादाची जी मीमांसा केली तिचे हे लहानसे पण बोलके उदाहरण मानता येईल. पूर्वेकडील एक देश येथे निव्वळ वजनाचे विशेषण होऊन राहतो. त्याच वेळी हेही दिसते की अक्षराचा तथाकथित स्वभाव त्याच्या रेषांतून जेवढा येतो तेवढाच त्याच्या नावाच्या इतिहासातूनही येतो.

३

१८४५ मध्ये याच फॅन स्ट्रीट फाउंड्रीने 'क्लॅरेंडन' बाजारात आणला. त्याचे श्रेय फाउंड्रीचे भागीदार रॉबर्ट बेस्ली यांना दिले जाते. पोलादी पंचांवर तो कोरला बेंजामिन फॉक्स यांनी. नाव ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसवरून घेतले असे मानले जाते. वस्त्रांवरील नक्षीच्या जोडीने टंकाच्या रूपालाही संरक्षण देऊ शकणाऱ्या नव्या कायद्याखाली त्याची नोंदणी झाली, आणि ती मुदत तीनच वर्षांची होती. ती संपताच इतर फाउंड्र्यांनी त्याच्या नकला काढल्या. 'क्लॅरेंडन' हे नाव पाहता पाहता विशेषनामाचे सामान्यनाम झाले; इंग्लंडमधील छापखान्यांत कोणत्याही ठळक टंकाला क्लॅरेंडन म्हणण्याचा प्रघात पडला.

या टंकाचे नावीन्य त्याच्या जाडीत नव्हते. जाड अक्षरे तीस वर्षे तरी आधीपासून होती. क्लॅरेंडन आधीच्या इजिप्शियन टंकांपेक्षा अरुंद आणि सौम्य आहे. त्यात जाड-बारीक रेषांचा फरक थोडा राखलेला आहे. पट्टी दंडाला काटकोनात टेकत नाही, तर वक्र उतारावरून त्यात मिसळते. लहान अक्षरांची उंची भरपूर आहे आणि काही अक्षरांच्या टोकांना गोळीसारखे गोल शेवट आहेत. हे सारे करण्यामागे एक नेमका हेतू होता : हा टंक पुस्तकातील नेहमीच्या अक्षरांच्या ओळीत, त्यांच्याच आकारात बसावा आणि तरीही त्यांच्यातून उठून दिसावा. भिंतीवरचे ओरडणारे अक्षर येथे पुस्तकात आणले गेले आणि त्याला शेजाऱ्यासोबत राहायला शिकवले गेले.

याचे महत्त्व लक्षात येण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती पाहावी लागते. पुस्तकाच्या पानावर एखादा शब्द वेगळा काढायचा तर मुद्रकाजवळ तिरपी अक्षरे, मोठी अक्षरे, लहान आकाराची मोठी अक्षरे किंवा जुनी गॉथिक अक्षरे एवढीच साधने होती. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात शीर्षशब्द मोठ्या अक्षरांत छापले आहेत. परंतु मोठी अक्षरे वापरली की शब्दाच्या आरंभीचे अक्षर एरवी मोठे लिहितात की लहान, ही माहितीच नाहीशी होते. तिरपी अक्षरे तर जोर देण्याबरोबर परकीय शब्द, ग्रंथनामे अशी अनेक कामे करीत असल्याने संदिग्ध ठरतात. क्लॅरेंडनने शब्दाचे रूप न बदलता केवळ त्याचे वजन बदलले.

या शक्यतेचा परिपूर्ण उपयोग १८८४ ते १९२८ या काळात भागशः प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी म्हणून ओळखल्या गेलेल्या कोशात झाला. १८७९ पासून त्याचे संपादक असलेल्या जेम्स मरी यांच्यापुढे प्रश्न होता तो शब्दांच्या इतिहासाचा पसारा एका पानावर वाचनीय कसा करावा हा. शीर्षशब्द क्लॅरेंडनमध्ये, व्याख्या साध्या अक्षरांत, अवतरणे त्याहून लहान अक्षरांत. लुप्त शब्दापुढे खंजिराची खूण, न रुळलेल्या परकीय शब्दापुढे दोन उभ्या रेषा. तीन स्तंभांच्या दाट पानावर वाचकाची नजर ठळक शब्दांवरून पायऱ्या उतरावे तशी खाली येते आणि हवा तो शब्द सापडला की थांबते.

या पानावर क्लॅरेंडनचा अर्थ काय? तो ओरडत नाही, आर्जव करीत नाही, काही विकत नाही. तो फक्त सांगतो की 'येथे शब्द आहे, आणि पुढे येते ती त्याच्याविषयीची माहिती'. म्हणजेच तो वस्तुभाषा आणि तिच्याविषयी बोलणारी भाषा यांतील सीमारेषा आखतो. सोस्यूर यांचा भेदाचा सिद्धान्त येथे अगदी शब्दशः दिसतो. संपूर्ण पान क्लॅरेंडनमध्ये छापले तर ही सीमा पुसली जाईल. टंक तोच राहील, पण त्याचा अर्थ उरणार नाही. ठळकपणा हा अक्षराचा गुण नसून दोन अक्षरांमधील संबंध आहे. शिवाय हा संबंध समानांचा नसतो. साध्या अक्षराला साहाय्यक म्हणून आलेले ठळक अक्षर पानाचा आराखडा ठरवू लागते. देरिदा यांनी पूरकाविषयी जे म्हटले आहे त्याची येथे आठवण व्हावी. पूरक म्हणून जे जोडले जाते ते मूळच अपुरे होते हे उघड करते. क्लॅरेंडनशिवाय मरी यांच्या कोशाचे पान वाचता येईल, पण त्यात शोधता येणार नाही.

४

त्याच काळात अटलांटिकपलीकडे हेच कुल वेगळ्या वाटेने गेले. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये लाकडी टाइप यंत्राने कोरण्याची पद्धत काढली. शिशाची मोठी अक्षरे जड आणि महाग पडत. लाकडाने ही अडचण दूर केली आणि वीतभर उंचीची अक्षरे लहान गावच्या छापखान्यालाही परवडू लागली. लाकडात बारीक रेषा टिकत नाही, दाबाखाली ती तुटते. जाड पट्टी टिकते. त्यामुळे स्लॅब सेरिफ हा लाकडी टाइपाचा स्वाभाविक आकार ठरला. त्यातूनच 'फ्रेंच क्लॅरेंडन' नावाचा प्रकार रूढ झाला. त्यात अक्षर अतिशय अरुंद आणि वरच्या-खालच्या पट्ट्या दंडाहूनही जाड असतात, त्यामुळे अक्षरे छापल्यावर ओळीच्या माथ्याशी आणि तळाशी काळे पट्टे धावताना दिसतात.

सर्कशीची, मेळ्यांची आणि फरारी गुन्हेगारांची पत्रके या अक्षरांत निघाली. पुढे चित्रपटांनी अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीचे जे कल्पित जग उभे केले त्याची ही अक्षरे ओळखीची खूण झाली. एकोणिसाव्या शतकातील वाचकाला ज्यात ताजी बातमी आणि नवा खेळ दिसत होता, त्यात विसाव्या शतकातील प्रेक्षकाला जुना काळ दिसू लागला. रोलां बार्थ यांनी १९५७ मध्ये मिथकाविषयी केलेले विवेचन येथे लागू पडते : सूचितार्थ इतिहासात घडतो आणि मग तो वस्तूचा निसर्गधर्म असल्यासारखा वावरतो. या अक्षरांत रांगडेपणा आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा लाकडाची मर्यादा, गावच्या छापखान्याची ऐपत आणि चित्रपटाची सवय या तीन गोष्टी विसरून ते म्हटले जाते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतील रस्त्यांवरच्या फलकांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लॅरेंडन वापरला जात होता. तेथे त्याने सरकारी सूचनेला जुन्या लाकडी पाटीची आपुलकी दिली. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याजागी कमी रुंदीत तितकाच सुवाच्य राहणारा, खास बनवलेला टंक आणण्यास सुरुवात झाली. वेगात जाणाऱ्या वाहनातून पाहणाऱ्याला आपुलकीपेक्षा अक्षर लवकर ओळखू येणे महत्त्वाचे असते. ज्या सुवाच्यतेसाठी हे कुल जन्मले, तिच्याच कसोटीवर ते येथे मागे पडले.

५

दणकटपणाची तिसरी कथा आहे ती यंत्रांची, आणि साहित्याच्या दृष्टीने तीच अधिक विचार करायला लावणारी आहे. वेगवान चक्री यंत्रावर, हलक्या कागदावर आणि पातळ शाईत छापताना नाजूक अक्षरांच्या पोकळ्या बुजतात आणि रेषा तुटतात. या अडचणीवर उपाय म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकन लायनोटाइप कंपनीने 'आयॉनिक' हा क्लॅरेंडनच्या नात्यातील टंक वृत्तपत्रांसाठी काढला. त्यात दणकटपणा आहे, परंतु तो नजरेत भरत नाही. वाचकाला केवळ बातमी नीट वाचता येते.

टंकलेखन यंत्राने हेच तत्त्व टोकाला नेले. या यंत्रावर प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळते. रोमनमधील 'आय' किंवा 'एल' सारख्या बारीक अक्षरांना ती जागा भरून काढण्यासाठी लांब पट्ट्यांची गरज लागते, नाहीतर शब्दात भोके पडल्यासारखी दिसतात. १९५० च्या दशकात हॉवर्ड केटलर यांनी आयबीएमसाठी रचलेला 'कुरियर' हा या गरजेतून आलेला स्लॅब सेरिफ आहे. कंपनीने त्यावर विशेष हक्क राखला नाही, त्यामुळे तो सर्वत्र पसरला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची कागदपत्रे २००४ पर्यंत त्याच्या संगणकीय रूपात निघत. हॉलिवुडच्या पटकथा आजही बारा पॉइंटांच्या कुरियरमध्ये लिहिल्या जातात, कारण त्या मापात एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट असा हिशेब बसतो. येथे जाड पट्टीचा सूचितार्थ पुन्हा पालटला. पूर्ण पान एकाच वजनात, कोणताही शब्द उठून न दिसणारा : हे रूप 'अजून छापले न गेलेल्या', म्हणून 'अजून सजवले न गेलेल्या' मजकुराचे, मसुद्याचे आणि पुराव्याचे चिन्ह बनले. भिंतीवर जी पट्टी अतिशयोक्तीची खूण होती, तीच टंकलिखितात अतिशयोक्तीच्या अभावाची खूण झाली.

हाच क्रम पुढे पडद्यावर चालू राहिला. पेटर माथियास नोर्डझाय यांनी रचलेला आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला 'केसिलिया' हा मानवी हाताच्या वळणाचा सौम्य स्लॅब सेरिफ २००७ मध्ये आलेल्या किंडल या वाचनयंत्राने सुरुवातीच्या काळात मूळ टंक म्हणून वापरला. तेव्हाच्या राखाडी पडद्यावर बारीक रेषा फिकट पडत. जवळजवळ सारख्या जाडीच्या रेषा टिकून राहत. परिणामी कादंबरीचे शेकडो पानांचे वाचन इंग्रजी वाचक जाड पट्टीच्या अक्षरांत करू लागला आणि बहुतेकांना ते जाणवलेही नाही. वॉर्ड यांच्या काचेच्या पेल्याचे काम अशा रीतीने त्यांच्या काळी ठोकळेबाज गणल्या गेलेल्या अक्षराने केले. पारदर्शकता हाही टंकाचा गुण नसून सवय, अंतर आणि यंत्र यांच्यातील तडजोड आहे, हेच यातून सिद्ध होते.

६

देवनागरीत सेरिफ नाही. बोरूच्या कापलेल्या टोकातून आलेला जाड-बारीक भेद आणि शिरोरेषा यांवर तिची बांधणी उभी आहे. त्यामुळे क्लॅरेंडनचे रूप मराठीत आणण्याचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु क्लॅरेंडनने जो संबंध निर्माण केला तो मराठी मुद्रणात अधिक तीव्रतेने उपस्थित होतो. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे असा भेद नाही. तिरपे अक्षर तिच्या परंपरेत नव्हते आणि संगणकाने ते पुरवल्यावरही शिरोरेषेखाली कललेले दंड परकेच वाटतात. हस्तलिखित पोथ्यांत समाप्तिवाक्याला किंवा श्लोकांकाला लाल रंग देत. एकरंगी छपाईत ती सोय गेली. म्हणून रोमनमध्ये तीन-चार साधनांत वाटले गेलेले जोर देण्याचे काम मराठीत बव्हंशी ठळक टंकावर येऊन पडते. मोल्सवर्थ यांच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात शीर्षशब्द देवनागरीत आणि अर्थ रोमनमध्ये असल्याने दोन लिप्यांमधील भेदच क्लॅरेंडनचे काम करतो. एकभाषी मराठी कोशात मात्र दोन्ही बाजूंना देवनागरीच असते आणि तेथे ही सीमा वजनानेच आखावी लागते.

यातून समीक्षाव्यवहाराला थेट भिडणारा एक प्रश्न निघतो. समीक्षक उतारा देताना त्यातील एखादा शब्द ठळक करतो, संपादक पुनर्मुद्रणात शीर्षके किंवा पात्रांची नावे ठळक करतो, पाठ्यपुस्तकात कवितेच्या ओळी ठळक केल्या जातात. या प्रत्येक ठिकाणी शब्द बदललेला नसतो, म्हणून संहिता बदललेली नाही असे समजले जाते. वर पाहिलेला इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. ठळकपणा हा संबंध असेल, तर एक शब्द ठळक करणे म्हणजे त्याच्या शेजारचे सगळे शब्द गौण करणे होय. लेखकाने सारख्याच वजनात ठेवलेल्या वाक्यात उतरंड निर्माण करणे हे अर्थनिर्णयनच आहे. फक्त ते युक्तिवादाने नव्हे तर शाईने केलेले असते, आणि म्हणून त्याला उत्तर देणे अवघड जाते. 'ठळक ठसा मूळचा नाही' ही कंसातील सूचना पुष्कळदा शिष्टाचार म्हणून दिली जाते किंवा गाळली जाते. ती संपादकीय प्रामाणिकपणाची किमान अट मानली पाहिजे, आणि पाठचिकित्सेने शब्दांच्या पाठभेदांबरोबर वजनाचे पाठभेदही नोंदवले पाहिजेत.

क्लॅरेंडनच्या पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाच्या प्रवासात त्याच्या पट्टीची जाडी फारशी बदललेली नाही. लॉटरीच्या पत्रकाचा वारसा, कोशाची शिस्त, सरहद्दीची आठवण, मसुद्याचा साधेपणा हे सारे त्याच पट्टीवर उभे राहिले, कारण दर वेळी तिच्या शेजारी काय आहे ते वेगळे होते. अक्षराच्या स्वभावाची वर्णने करणाऱ्या टीकेला आणि अक्षराकडे पाहायचेच नाही म्हणणाऱ्या टीकेला, दोघींनाही या शेजाराचा हिशेब ठेवावा लागेल.